शिक्का नाही, म्हणून खरे?

२६ मे २०२४ रोजी चेन्नईत कोलकाता नाइट रायडर्सने आयपीएलचा अंतिम सामना जिंकला. हजारो लोकांनी तो मैदानात बसून पाहिला, कोट्यवधींनी घरी पाय पसरून. त्या विजयाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर आले तेव्हा त्यावर एक बारीक ओळ उमटलेली दिसली, 'मेड विथ एआय'. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले! सामना खरा, चषक खरा, खेळाडूंचा घाम खरा. छायाचित्रावर मात्र बनावटपणाचा शिक्का.

त्याच सुमारास अमेरिकेत पीट सूझा यांनाही हाच अनुभव आला. सूझा हे व्हाइट हाउसचे माजी छायाचित्रकार. चाळीस वर्षांपूर्वी बास्केटबॉलच्या एका सामन्यात काढलेले आपले जुने छायाचित्र त्यांनी इन्स्टाग्रामवर टाकले. ज्या काळात कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेबाहेर कोणाला ठाऊकही नव्हती, त्या काळातली ती फिल्म. तरी शिक्का बसला. छायाचित्राची कड कापण्याचे नेहमीचे साधन कंपनीने बदलले असावे आणि त्याच्या स्पर्शाने हा विटाळ झाला असावा, असा त्यांचा संशय. इतर अनेक छायाचित्रकारांनीही ओरड केली. मेटा, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी, जुलै २०२४ मध्ये थोडी नरमली. 'मेड विथ एआय' हे शब्द जाऊन तिथे 'एआय इन्फो' आले. सप्टेंबरात आणखी एक पाऊल मागे. यंत्राने नुसते रंगरंगोटी केलेले चित्र असेल, तर ही ओळ दर्शनी भागावरून काढून आतल्या यादीत ठेवण्यात आली.

आता 'एआय इन्फो' या दोन शब्दांतून आमच्या आत्याबाईंनी काय समजावे? हे चित्र खोटे आहे? अर्धे खोटे आहे? की याबद्दल कुठेतरी माहिती मिळेल? औषधाच्या बाटलीवर 'विष' असे न लिहिता 'विषविषयक माहिती' लिहावे, त्यातला प्रकार. असो.

हा शिक्का मारतो कोण, हे आधी पाहू. सर्वांत सोपी वाट कबुलीची. मार्च २०२४ पासून यूट्यूब चित्रफीत चढवणाऱ्याला विचारते, यातला खरा वाटणारा माणूस, जागा वा प्रसंग तुम्ही यंत्राने बनवला आहे काय? तो 'हो' म्हणाला, की खाली वर्णनात तशी नोंद होते. आरोग्य, बातम्या, निवडणूक, पैसा असे नाजूक विषय असतील तर चित्रफितीवरच. टिकटॉकने अशी सोय २०२३ मध्येच केली होती. पण कबुलीवर चालणाऱ्या व्यवहारात कबुली देतो तो सज्जन. खोटी सही करणारा इसम काउंटरवर येऊन 'साहेब, ही सही माझी नाही बरं का' असे सांगताना मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही पाहिला नाही.

दुसरी वाट कुंडलीची. प्रत्येक डिजिटल छायाचित्राच्या पोटात एक अदृश्य टिपण असते. कोणत्या कॅमेऱ्याने काढले, कधी काढले, पुढे कोणत्या साधनाने त्यावर हात फिरवला. याला मेटाडेटा म्हणतात. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, बीबीसी वगैरे संस्थांनी एकत्र येऊन हे टिपण सहजासहजी बदलता येऊ नये अशी एक पद्धत ठरवायला घेतली. तिचे नाव सीटूपीए. चित्र ज्याच्या हातून जाईल, त्या साधनाने आपली डिजिटल सही ठोकायची, आधीच्या सहीला हात लावायचा नाही. बँकेतल्या जुन्या मंडळींना हे ओळखीचे वाटेल. हुंडीच्या किंवा बिलाच्या पाठीवर जशा एकाखाली एक सह्या होत जातात, तसेच हे. पाठीवर जागा उरली नाही, तर एक जोडकागद चिकटवून त्यावर सह्या घेत. त्याला 'अलाँज' असे फ्रेंच नाव होते आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येई.

पण जोडकागद फाडता येतो. इथेही तेच आहे. पडद्यावरच्या चित्राचे छायाचित्र घेतले, ज्याला स्क्रीनशॉट म्हणतात, की नवी फाइल जन्माला येते आणि जुनी कुंडली मागेच राहते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवताना ते आकसून धाडले जाते आणि त्या आकसण्यात पोटातले टिपण सहसा गळून पडते. म्हणजे सकाळी गजर होण्याआधी आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जे येऊन पडते, ते बहुधा बिनकुंडलीचेच असते.

कुंडली शाबूत असली तरी ती वाचतो कोण? ऑक्टोबर २०२५ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने एक साधा प्रयोग केला. ओपनएआय कंपनीच्या 'सोरा' या यंत्राकडून एक खोटी चित्रफीत बनवून घेतली आणि पोटातल्या टिपणासह ती आठ मोठ्या मंचांवर चढवली. आठांपैकी एकट्या यूट्यूबने ती बनावट असल्याचे सांगितले, आणि तेही वर्णन उघडून वाचले तरच दिसेल अशा ठिकाणी. बाकीचे सात गप्प. त्यांतले काही तर ही सह्यांची पद्धत आपण पाळू, असे जाहीर सांगून बसलेले.

तिसरी वाट नोटेतल्या जलचिन्हासारखी. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये 'सिंथआयडी' नावाची युक्ती आणली. चित्र तयार होतानाच त्याच्या ठिपक्यांत डोळ्यांना न दिसणारी खूण विणायची. कड कापली, रंग फिका केला तरी ती बऱ्याच अंशी टिकते. युक्ती खरोखर चांगली आहे. पण गूगलची खूण ती वापरणाऱ्या यंत्रातून निघालेल्या चित्रातच असणार. कोणीही घरी बसून चालवावे असे जे फुकटचे यंत्र मिळते, त्यातून निघालेल्या चित्रात ती कुठून येणार? रिझर्व्ह बँकेच्या कागदात जलचिन्ह असते म्हणून गल्लीतल्या छापखान्याच्या कागदात ते आपोआप उमटत नाही.

हा शिक्का गळून पडला तर काय होते, हे कळायला कृत्रिम बुद्धिमत्तेची वाट पाहावी लागली नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा देशभर फिरत होत्या, त्यांच्यासोबत एक चित्रफीतही होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. ती मुळात पाकिस्तानात, कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, मुलाला उतरवतात आणि एक फलक दाखवतात. कराचीत मूल पळवायला क्षणभर पुरतो, अशा अर्थाचा. म्हणजे 'हा अभिनय आहे' असे सांगणारी पाटी त्या चित्रफितीतच होती. कोणीतरी शेवटचे ते काही क्षण कापले आणि उरलेले पुढे ढकलले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा या गावी, याच अफवेच्या वाऱ्यात, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी माणसे ती. त्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशांवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठवायला बंदी केली. मला विचाराल तर यातला शिक्का कमी कामाचा, बंदी अधिक कामाची. शिक्क्याने एवढेच कळते, की पाठवणाऱ्याने हे स्वतः लिहिलेले नाही. बंदीने त्याचा हात थोडा तरी थांबतो.

इथे मला माझ्या जुन्या काउंटरची आठवण येते. खोटी नोट सापडली तर रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट होता आणि आजही आहे. त्या नोटेवर ती बनावट असल्याचा शिक्का मारायचा, नोंद करायची, आणणाऱ्याला पोच द्यायची, पण नोट परत द्यायची नाही. आणणारा कितीही गयावया करो. कित्येकदा तो निर्दोषच असे, भाजीवाल्याकडून नाहीतर लग्नाच्या आहेरातून ती त्याच्या पाकिटात आलेली असे. तरी ती नोट तिथेच थांबायची. शिक्क्याला अर्थ होता तो त्यामुळे. या मंचांवर शिक्का मारतात आणि नोट पुन्हा बाजारात सोडतात! निरुपद्रवी गमतीच्या चित्राला हे चालेल. पोपने फुगीर पांढरा कोट घातल्याचे चित्र मार्च २०२३ मध्ये जगभर फिरले, त्यात कोणाचे काय गेले? पण जी चित्रफीत माणसाचे पैसे काढून घ्यायलाच बनवली आहे, तिच्यावर बारीक अक्षरांत 'एआय इन्फो' लिहून ती फिरू देणे, याला काय म्हणावे?

आणि ज्यांच्यावर शिक्का बसत नाही त्यांचे काय? आमच्या सोसायटीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. एके दिवशी संध्याकाळी त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. फोनमध्ये देशातल्या एका फार मोठ्या पदावरच्या व्यक्तीची चित्रफीत होती. ती व्यक्ती ज्येष्ठ नागरिकांसाठी एक योजना सांगत होती. महिन्यात रक्कम जवळपास दुप्पट. बाईंची चार लाखांची मुदत ठेव होती, ती मोडायचा त्यांचा विचार चालला होता आणि व्याज किती बुडेल एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते. मी म्हटले, "बाई, हे खोटं आहे."

"असं कसं? तोंड त्यांचंच आहे, आवाज त्यांचाच आहे."

"आजकाल बनवता येतं."

"ते माहीत आहे मला," बाई थोड्या दुखावल्या. "पण खोटं असलं की खाली तसं लिहून येतं. नातवानंच सांगितलंय. यावर कुठं काय लिहिलंय, दाखवा बरं?"

मला त्या क्षणी उत्तर सुचेना. त्यांचे तर्कशास्त्र बिनचूक होते! नापास मुलांच्या यादीत नाव नाही म्हणजे मुलगा पास, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. शेवटी मी चित्रफितीचा नाद सोडला आणि पैसे कोणाच्या खात्यात भरायचे आहेत ते विचारले. खाते परप्रांतातल्या कोण्या एका खासगी व्यक्तीच्या नावाचे निघाले. सरकारी योजनेचे पैसे अशा खात्यात जमा होत नाहीत, एवढे बाईंना पटले. ठेव वाचली. तरी परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तो मुलगा अजून फोन करतो हो. आई म्हणतो मला."

बाईंच्या या तर्काचा अभ्यासही झाला आहे. गॉर्डन पेनीकुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. ते यंत्राने बनवलेल्या चित्रांबद्दल नव्हते, खोट्या बातम्यांवर लावल्या जाणाऱ्या इशाऱ्यांबद्दल होते; पण मुद्दा हाच. काही खोट्या बातम्यांवर इशारा लावला आणि काहींवर लावला नाही, तर बिनइशाऱ्याच्या खोट्या बातम्या लोकांना आधीपेक्षा अधिक खऱ्या वाटू लागतात. वाचक मनात म्हणतो, तपासणारे बसले आहेत ना, मग यावर काही लिहिले नाही त्या अर्थी हे तपासून झालेले दिसते. अर्धवट शिक्केबाजी ही अशी बिनशिक्क्याच्या खोट्याला प्रमाणपत्र देऊन जाते.

आपल्याकडे अन्नाच्या पाकिटावर हिरवी खूण असते. सामिष असेल तर तपकिरी. अक्षरओळख नसलेली आजीही पाकीट उलटून ती पाहते. ही खूण चालली, कारण ती दोन्ही बाजूंना सक्तीची आहे. खूणच नसलेले पाकीट हाती आले, तर आजी ते निरामिष समजत नाही, बाजूला ठेवते. चित्रांच्या बाबतीत आपण फक्त तपकिरी खूण सुरू केली आहे, आणि तीही दुकानदाराच्या मर्जीने.

मी थोड्याफार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांच्या आरंभी 'यातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत' असे छापलेले असते. ते वाक्य कोणी वाचत नाही. पहिल्या कादंबरीतला शाखाधिकारी म्हणजे नक्की अमुक एक साहेब, अशी पैज आमच्याच झोनल ऑफिसात लागली होती. पण वाक्य न वाचताही वाचकाला ठाऊक असते की हातात कादंबरी आहे. तिला मुखपृष्ठ असते, ती ग्रंथालयाच्या ठरावीक कपाटातून येते. जागाच तिचे लेबल असते. फोनवर ही जागाच पुसली गेली आहे. भाच्याच्या साखरपुड्याचे फोटो, मंत्र्यांचे भाषण, गुडघेदुखीचे तेल, धरण फुटल्याची बातमी, सगळे एकाच आकाराच्या चौकटीत, एकाखाली एक. अंगठा सरकतो आणि बातमीची जाहिरात होते, जाहिरातीची बातमी होते. त्यात कोपऱ्यातले दोन इंग्रजी शब्द कितीसे लक्ष वेधणार?

सरकार गप्प बसलेले नाही, हे खरे. आधी चटके मोठमोठ्यांना बसले. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा चेहरा आणि आवाज वापरून एका खेळाच्या ॲपची खोटी जाहिरात फिरली. एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला, आमचे प्रमुख आशिषकुमार चौहान शेअर सुचवताना दिसतात ती चित्रफीत बनावट आहे, असे जाहीर करावे लागले. नोव्हेंबरात खुद्द रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, की गव्हर्नर गुंतवणुकीच्या योजना सुचवत नसतात. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा काढला. त्यात बनावट चित्राचा दहा टक्के भाग लेबलने व्यापलेला असावा असे म्हटले होते. कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि १० फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांतून ते दहा टक्के गेले. उरले ते असे : लेबल ठळक असावे, मोठ्या मंचांनी चढवणाऱ्याकडून कबुली घ्यावी आणि ती तांत्रिक साधनांनी तपासावी, लागलेले लेबल कोणाला काढू देऊ नये; आणि न्यायालयाचा वा सरकारचा आदेश आल्यावर बेकायदा मजकूर छत्तीस तासांऐवजी तीन तासांत उतरवावा. रंग सुधारणे, आवाजातली खरखर काढणे असली साधी डागडुजी यातून वगळली आहे. सूझांची तक्रार दिल्लीने ऐकली म्हणायची! दहा टक्के गेले याचे मला वाईट वाटते. 'ठळक' म्हणजे किती, हे कर्जाच्या करारातल्या 'वाजवी मुदत' या शब्दांसारखे आहे. ज्याचा वकील मोठा, त्याची मुदत वाजवी. चीननेही १ सप्टेंबर २०२५ पासून उघड आणि छुपी, दोन्ही लेबले सक्तीची केली आहेत.

शिक्क्यांच्या या गदारोळात एक गोष्ट मात्र बाजूला पडते. फसवणारी चित्रफीत पुष्कळदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते. मंचाने ते पैसे मोजून घेतलेले असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मेटाची अंतर्गत कागदपत्रे पाहून वृत्त दिले, की २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे दहा टक्के रक्कम फसव्या आणि निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येईल, असा कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता. हा अंदाज ढोबळ आणि नको ते धरून केलेला होता, असे कंपनीचे म्हणणे आहे. मान्य. पण पाचशे रुपयांचे बचत खाते उघडायला येणाऱ्या मोलकरणीकडे आम्ही फोटो, पत्ता, ओळखपत्र, सगळे मागत होतो. लाखो घरांत मंत्र्याचे तोंड पाठवणाऱ्याकडे यातले काय मागितले जाते? सेबीने २०२५ मध्ये निदान आपल्या अंगणात हे सुरू केले. गूगल वा मेटावर गुंतवणुकीची जाहिरात द्यायची असेल, तर सेबीकडे नोंदलेल्या मध्यस्थाने तिथे दिलेल्या ईमेल आणि फोन क्रमांकानेच आधी स्वतःची पडताळणी करून घ्यायची.

हा उलटा मार्ग मला अधिक पटतो. खोट्याला शोधत बसण्यापेक्षा खऱ्याला खूण द्यायची. कॅमेऱ्यातही ते सुरू झाले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायका कंपनीने छायाचित्र टिपतानाच त्यात सही उमटवणारा पहिला कॅमेरा आणला. किंमत नऊ हजार डॉलरच्या वर. निकॉननेही ती सोय दिली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या एका कॅमेऱ्याकडून खोट्या चित्रावरही खरी सही करून घेता येते असे कोणीतरी दाखवून दिले. कंपनीने तोवर दिलेली सगळी प्रमाणपत्रे रद्द केली. शाखेचा गोल शिक्का खणात उघडा राहिला होता, एवढाच त्याचा अर्थ; शिक्का ठेवूच नये, असा नव्हे.

बँकांपुरते तरी हे घडले आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरवून, बँकांच्या संकेतस्थळांच्या पत्त्याला 'डॉट बँक डॉट इन' हे शेपूट लावायला सांगण्यात आले. हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था ते देते आणि बँकेखेरीज कोणालाही देत नाही. मी ही माहिती मोठ्या अक्षरांत लिहून सोसायटीच्या सूचनाफलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, लावली आहे. दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी बॉलपेनने लिहिलेले होते, "आणि व्हिडिओचं शेपूट कधी येणार?" अक्षर बाईंचेच असावे. र्‍हस्व-दीर्घ अचूक होते.